आमचं हे ध्यान

मराठी माणूस घरच्यांवर चिडला की शिव्यांसाठी बाहेर जात नाही, देवघरात शिरतो. पोराला मार बसतो तो 'प्रसाद'. थोबाडीत बसते ती 'श्रीमुखात'. साहेबानं झापलं की 'आरती ओवाळली', कामावरून काढलं की 'नारळ दिला' आणि भांडणात समोरच्याच्या सात पिढ्या काढल्या की त्याला चक्क 'उद्धार' म्हणतात. ढ मुलगा 'शंख' असतो, साहेबाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवणारा 'नंदीबैल' आणि कोणीही येऊन टोपी घालून जावं असा काका 'भोळा सांब'. नवा माणूस मराठी शिकायला आपल्या घरी राहिला आणि त्यानं हे सगळं एका आठवड्यात ऐकलं, तर हे कुटुंब दिवसभर सोवळ्यातच असतं अशी त्याची खात्री पटेल.

या पूजासाहित्यात सगळ्यात वरचा मान, माझ्या मते, 'ध्यान' या शब्दाचा.

शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात निळा. पाठीवरच्या सॅकची चेन उघडी आणि तिच्यातून डब्याची पिशवी बाहेर डोकावतेय. स्कूटर लावून, दोन जिने चढून, चप्पल काढून झाली तरी डोक्यावर हेल्मेट तसंच. असा इसम दारात उभा राहिला की आतून आवाज येतो, "आलं बघा ध्यान!" या तीन शब्दांत वर्णन आलं, निदान आलं आणि पुढची बोलणीही आली. वेगळं काही बोलावं लागत नाही.

या वाक्याचं व्याकरण बघण्यासारखं आहे. नवरा पुल्लिंगी, मुलगा पुल्लिंगी, दीर तर फारच पुल्लिंगी. पण ध्यान नपुंसकलिंगी. त्यामुळे दाराबाहेर जो 'आला' असतो, तो उंबरठा ओलांडताना 'आलं' होतो. मग जेवला नाही, 'जेवलं'. झोपला नाही, 'पसरलं'. शाळेत 'ते' या सर्वनामाखाली आपण झाड, घर, टेबल लिहीत होतो, त्याच रांगेत चांगला पदवीधर जावई जाऊन बसतो. खरा टोला शब्दात नाहीच, लिंगबदलात आहे. कोल्हापूरकडे 'खुळं' म्हणतात, घाटावर पुष्कळ ठिकाणी 'येडं', तिथेही युक्ती तीच. वऱ्हाडात 'बह्याड' म्हणतात, पण बह्याड म्हणताना आवाज चढतो. ध्यान म्हणताना आवाज उतरतो. म्हणणारीनं आशा सोडलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे हा शब्द ज्याच्यासाठी वापरायचा, त्याला उद्देशून सहसा वापरत नाहीत. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं तिसऱ्यालाच सांगायचा असतो. म्हणून श्रोता लागतो. शेजारीण चालते, फोनवरची बहीण चालते, भाजीवाल्या मावशीही चालतात. घरात कोणीच नसेल तर गॅसवरच्या कुकरला सांगतात. ध्यान त्या वेळी पंख्याखाली बसून पेपर वाचत असतं आणि त्याला सगळं ऐकू येत असतं. फक्त ते आपल्याबद्दल आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. लक्षात आलं असतं तर ते ध्यान कसलं!

मात्र हा शब्द उच्चारायचा हक्क ज्याला त्याला नाही. तो रक्तानं मिळतो किंवा लग्नानं. आईला आहे, बायकोला आहे, बहिणीला तर तहहयात आहे. भावजयीला काही वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं तोंडावर ध्यान म्हटलं तर भांडण होईल. त्यानं फार तर 'वेंधळा' म्हणावं. आणि हक्क असला तरी क्रम पाळावा लागतो. सासू म्हणाली, "आमचं ध्यान सकाळपासून टॉवेल शोधतंय," तर सुनेनं हसायचं असतं. हेच वाक्य सून आधी म्हणाली, तर सासूबाईंच्या हातातली गवार मोडायची थांबते. "तसा तो लहानपणापासून साधाच आहे," असं त्या शांतपणे म्हणतात, आणि नपुंसकलिंगात गेलेला मुलगा क्षणात पुल्लिंगात परत येतो. याला मी आईची माया म्हणतो. सुना दुसरं काहीतरी म्हणतात.

वयाचाही नियम आहे. वडिलांना ध्यान म्हणायची मराठी मुलाची छाती नाही. पण तेच वडील सत्तरीला आले, नोव्हेंबरात भर दुपारी माकडटोपी घालून, स्वेटर उलटा चढवून दूध आणायला निघाले, की चार वर्षांची नात म्हणते, "आजी, आजोबा बघ कसे ध्यान दिसतायत!" आणि आजोबा खूष. नातीचा हक्क सगळ्या हक्कांच्या वर आहे.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. 'अवतार' आणि 'ध्यान' एक नव्हे. "काय हा अवतार!" असं रंगपंचमीहून परतलेल्या पोराला म्हणतात, विसर्जनाच्या मिरवणुकीतून पहाटे गुलालात माखून आलेल्या मुलाला म्हणतात, माळा साफ करून उतरलेल्या बाईला म्हणतात. अवतार तात्पुरता असतो. कार्य झालं की तो संपायचाच, हे विष्णूपासून चालत आलं आहे. घरगुती अवतार एका आंघोळीत संपतो. ध्यान मात्र आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून आलं तरी ध्यानच असतं; उलट इस्त्रीच्या कपड्यांत जास्त उठून दिसतं.

तसंच गबाळा, वेंधळा, धांदरट यांच्याशीही त्याची गल्लत करू नये. गबाळ्याचा प्रश्न कपड्यांचा, वेंधळ्याचा वस्तूंचा आणि धांदरटाचा वेगाचा. सुधारायची इच्छा असेल तर तिघंही सुधारतात. पहिल्याला बायको सुधारते, दुसऱ्याला लोकल आणि तिसऱ्याला एकदा सांडलेला गरम चहा. 'गचाळ' हा शब्द मी मुद्दाम घेतला नाही. तो खरोखर लागतो. ध्यान हे या सगळ्यांच्या पलीकडे आहे. त्याचे कपडे नीट असू शकतात, वस्तू जागेवर असू शकतात, घाईही नसते, तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना एकच माणूस जेवणाच्या हॉलकडे बघत असतो, ते हे.

गंमत अशी, की देहूच्या तुकोबांनी सतराव्या शतकात हाच शब्द विठोबाच्या रूपाला लावला, आणि तोही सुंदर म्हणून. वारकऱ्यांच्या भजनात सुरुवातीला रूपाचे अभंग म्हणतात, तेव्हा तो हटकून कानावर येतो. तिथे ध्यान म्हणजे डोळे मिटल्यावर जे दिसावं ते. घरातल्या ध्यानाचं उलट असतं. ते दिसलं की डोळे मिटावेसे वाटतात.

पण मला विचाराल तर अंतर फार नाही. पंढरीनाथांची गोष्टच बघा. भेटायला म्हणून आले. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्यानं वीट भिरकावली आणि जरा थांबा म्हणाला. हे थांबले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले ते अजून उभेच आहेत. किती वेळ थांबायचं, हे विचारायचं सुचलं नाही. रखुमाई रुसून दिंडीरवनात गेलेली. तिचं देऊळ आजही वेगळं. तुळशीबागेत बायकोनं "इथंच थांबा, आलेच" म्हणून पिशव्यांसकट उभा केलेला नवरा आणि हे दृश्य यांत मला तरी भक्तिभावाइतकाच फरक दिसतो. तुळशीबागेत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे तुकोबांच्या नजरेनं बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे. निदान दिवाळीच्या गर्दीत तरी.

योगशास्त्रात याच शब्दाचा दर्जा केवढा! पतंजलीच्या आठ अंगांत ध्यान सातवं. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा एवढं सगळं पार पाडल्यावर ते येतं आणि त्यानंतर थेट समाधी. योगी त्यासाठी आयुष्य घालवतात. आमच्या घरी माणूस दात घासण्याआधीच तिथे पोचलेला असतो. पाली भाषेत याच शब्दाचं 'झान' झालं, चीनमध्ये 'चान', जपानमध्ये 'झेन'. तिकडे झेनच्या नावानं वाळूत रेघा ओढलेल्या बागा झाल्या, चहाचे समारंभ झाले, आणि आता त्याच नावाचे महागडे दिवे आपल्याच मॉलमध्ये परत येतात. जो शब्द समुद्र ओलांडून गेला त्याचं सोनं झालं. जो इथेच राहिला तो शर्टाचं बटण चुकवून बसला आहे. स्थलांतराचे फायदे याहून सोप्या रीतीनं मला सांगता येणार नाहीत.

दोन्ही ध्यानांची गाठ क्वचित पडते. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. पहाटे चारला घंटा, पूर्ण मौन, फोन आधीच जमा. आमच्या नात्यातल्या एकानं तिथे जायचं ठरवलं. तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा त्याची आत्या माजघरातून म्हणाली, "ध्यान निघालं ध्यानाला." शिबिराहून परतला तो खरंच शांत होऊन आला होता. चेहऱ्यावर तेज, बोलणं मोजकं. घरच्यांनी पिशवी उघडली तेव्हा कळलं की नेलेली चादर तिकडेच राहिली आहे आणि आणलेला तांब्या आपला नाही. विचारल्यावर त्यानं अत्यंत समाधानानं सांगितलं की वस्तूंची आसक्ती आता राहिली नाही.

लग्नाच्या बाजारात या शब्दाला बंदी आहे. तिथे ध्यानाला 'साधा' म्हणतात. थोडं जास्त असेल तर 'सरळ'. फारच असेल तर 'साधा, सरळ आणि निर्व्यसनी'. मध्यस्थ काकू फोनवर स्थळाची माहिती देताना "मुलगा अगदी साधा हो," असं म्हणून जरा थांबल्या, की अनुभवी मुलीकडच्यांनी त्या थांबण्याकडे लक्ष द्यावं. पोहे खाताना तो बशीतला शेवटचा शेंगदाणा चमच्यानं पकडायचा किती वेळ प्रयत्न करतो आणि "मुलीला काही विचारायचंय का?" या प्रश्नावर "पाणी मिळेल का?" असं विचारतो का, एवढं बघितलं की पत्रिका बघायचं काम नाही.

मराठी विनोदानं तर या ध्यानावर शंभर वर्षांहून अधिक काळ संसार केला. राम गणेश गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यास' नाटकातला विसराळू गोकुळ घ्या. किंवा चिं. वि. जोशांचा चिमणराव. जोशी बडोद्याला पाली शिकवत. म्हणजे 'झान' या शब्दाशी त्यांचा रोजचा संबंध. त्यांच्या हातून ध्यान घडावं यात नवल नाही. 'चिमणरावाचे चऱ्हाट' आलं १९३३ मध्ये. बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू; सगळं घरच पिंजऱ्यातलं. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि घराघरांतल्या बायकांना 'आमचं ध्यान' म्हणताना बोट दाखवायला एक चेहरा मिळाला.

चिमणरावाला आपण हसतो, त्याच्यावर प्रेम करतो, त्याला सांभाळून घेतो. आता मला सांगा, घोळ घालणारा नवरा असलेल्या विनोदी कथा, नाटकं, सिनेमे हाताला येतील तेवढे काढा. आणि बायको ध्यान आहे, तिच्यावाचून सगळं अडतं म्हणून नाही तर तिच्यामुळे सगळं बिघडतं म्हणून सगळे तिच्यावर लोभ करतायत, असं एक आठवून बघा. पुष्कळ वेळ लागेल.

कारण 'ध्यान' ही शिवी दिसत असली तरी ती सवलत आहे, आणि ती बहुतांशी पुरुषांनाच मिळते. एकदा माणूस ध्यान म्हणून जाहीर झाला की त्याला बँकेत पाठवत नाहीत, पाहुण्यांची भेटवस्तू निवडायला लावत नाहीत, गॅसवर दूध ठेवून "बघा हं" असं म्हणत नाहीत. कोथिंबीर आणायला सांगितली, त्यानं पुदिना आणला. दुसऱ्यांदा सांगितली, त्यानं दोन्ही आणून "बघ, यातली कुठली?" असं विचारलं. तिसऱ्यांदा सांगत नाहीत. एका जुडीच्या भांडवलावर जन्माची सुट्टी! जो माणूस ऑफिसात मार्चअखेरचे हिशेब पैशापर्यंत जुळवतो, त्याला घरी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यातला बनियन दिसत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. अस्सल, निष्पाप, जन्मजात ध्यानं फार थोडी असतात. बाकीची पदवी टिकवून असतात.

बाईच्या बाबतीत कायदा वेगळा. तिची ओढणी जमिनीवर लोळतेय, पर्समध्ये किल्ली सापडत नाहीये, पोळी करपली आहे, तर कोणी "आलं बघा ध्यान" म्हणून हसत नाही. तिथे शब्द येतो 'वळण'. "हिला वळणच नाही." ध्यानाचा दोष त्याच्या एकट्याचा आणि तोही देवानं दिलेला, वळण नसल्याचा दोष मात्र थेट माहेरी जातो, आईच्या नावावर. नवऱ्याला दोन वेगळे मोजे शोभतात, बायकोला दोन वेगळ्या बांगड्या शोभत नाहीत. ध्यान सांभाळायला माणूस लागतं, आणि ते माणूस कोण, हे घर बांधतानाच ठरलेलं असतं.

अलीकडे थोडा फरक पडतोय. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत राहणाऱ्या मुली एकमेकींना खुशाल ध्यान म्हणतात. "आमचं ध्यान लेक्चरला पायजमा घालूनच गेलं," असं एक जण सांगते आणि ते ध्यान शेजारी बसून, केसांना क्लिपऐवजी पेन खोचून मॅगी खात असतं. कोणाचं वळण निघत नाही, कोणाची आई निघत नाही. मला हे ऐकून फार बरं वाटतं. शिक्षण, नोकरी, मतदान हे हक्क मोठे खरेच. पण आपल्या घोळावर लोकांनी लोभानं हसावं, हा हक्क मिळायला सगळ्यात उशीर लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०२४ च्या डिसेंबरात ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला आहे. ठराव करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हिमालय, पद्मासन आणि मिटलेले डोळे असणार. मराठी घरांनी मात्र हा दिवस आपल्या पद्धतीनं साजरा करावा अशी माझी विनंती आहे. त्या दिवशी घरातल्या कर्त्या बाईला ध्यानपद द्यावं. तिनं उशिरा उठावं, चहात साखर विसरावी, कोथिंबीर आणायला जाऊन हात हलवत परत यावं, आणि घरच्यांनी एकमेकांकडे बघून प्रेमानं मान हलवावी. आणि नेहमीच्या ध्यानानं तेवढा एक दिवस आपला टॉवेल आपण शोधावा. तो बाथरूमच्या दारामागच्या हुकाला असतो.